‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली कोण?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मॅडम,

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी मिळून प्रबंध, पुस्तकं यांच्या फाइलींचं एकच भांडार डीस्पेस या मोफत सॉफ्टवेअरवर चालवावं, असं मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती येऊन गेली की असे प्रकल्प बंद पडतात. आणि ‘कम्युनिटी’ म्हणजे शेवटी एका हौशी माणसाच्या गळ्यात पडलेलं काम. त्यापेक्षा पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाका, नाहीतर सरळ एजन्सीला पैसे द्या, असं तुमचं म्हणणं.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. दुसरा त्याच्याच पोटातला आहे. पहिला मात्र पटत नाही.

डीस्पेस २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि एचपी कंपनी यांनी मिळून काढलं. पुढे ते ड्युरास्पेस या ना-नफा संस्थेकडे गेलं आणि २०१९ पासून लिरासिस या तशाच संस्थेकडे आहे. सभासद संस्था वर्षाला वर्गणी देतात आणि बराचसा कोड ॲटमायर, फोरसायन्स अशा कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर लिहितात. म्हणजे वाली आहे. पण तो तुमच्या सर्व्हरवर येऊन अपग्रेड करून देणार नाही, आणि आपल्याकडची भांडारं नेमकी इथेच मरतात. सहावी आवृत्ती २०१६ ची, सातवी २०२१ ची. मधल्या काळात जुने दोन्ही इंटरफेस (वापरणाऱ्याला दिसणारी पानं) काढून एकच नवा, अँग्युलर या वेब-साधनावर बांधलेला आणला, कारण दोन सांभाळायचे म्हणजे बरीच कामं दोनदा करावी लागत. ज्यांनी जुन्या इंटरफेसच्या कोडमध्ये थेट हात घालून कॉलेजचा लोगो, रंग, वेगळे फॉर्म बसवले होते, ते तिथेच अडकले. सहाव्या आवृत्तीचा सपोर्ट २०२३ मध्ये संपला. म्हणून गटाचा पहिला नियम: मूळ कोडला हात लावायचा नाही. बदल फक्त लोकल कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये आणि थीमच्या फोल्डरमध्ये, आणि तेही गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) नोंदवून.

आता ‘एका माणसाच्या गळ्यात’ याबद्दल. भांडार चालू करणं सोपं असतं. नंतरची बारीकसारीक कामं कुणाच्याच ड्यूटीत नसतात, तिथे घोळ होतो. एक उदाहरण घ्या. डीस्पेस बसवल्यावर हँडलचा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या कायमच्या पत्त्याचा, प्रीफिक्स (सुरुवातीचा आकडा) १२३४५६७८९ असा येतो. तो फक्त नमुना आहे. स्वतःचा प्रीफिक्स नोंदवून त्याची वार्षिक फी भरायची असते. ते राहून जातं, आणि प्रबंधांच्या मागे छापलेल्या ‘कायमस्वरूपी’ लिंका कुठेच उघडत नाहीत. हे तांत्रिक अपयश नव्हे, क्लार्कच्या टेबलावरचं राहिलेलं काम आहे.

बॅकअपचंही तसंच. अपलोड केलेल्या फाइली ॲसेटस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये लांबलचक आकड्यांच्या नावाने पडतात. मूळ नाव नाही, ‘डॉट पीडीएफ’सुद्धा नाही. कोणती फाइल कोणत्या प्रबंधाची, हे फक्त डीस्पेसच्या नोंदी ठेवणाऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसला माहीत. नुसतं फोल्डर कॉपी करून ‘बॅकअप आहे’ म्हणणाऱ्यांच्या हाती सर्व्हर गेल्यावर हजारो निनावी फाइली उरतात. आधी डेटाबेसचा डंप (म्हणजे संपूर्ण प्रत), मग ॲसेटस्टोअरची कॉपी, हाच क्रम. मधल्या वेळात कुणी नवी फाइल चढवली तर कॉपीत एखादी जास्तीची येते, त्याने बिघडत नाही. उलट क्रमाने केलंत तर नोंद असते आणि फाइल नसते. दोन्हींच्या मध्ये क्लीनअपची (डिलीट केलेल्या फाइली कायमच्या पुसणारी) आज्ञा मात्र चालवू नका. वापराची आकडेवारी फक्त सोलरमध्ये (डीस्पेससोबतच्या शोधयंत्रात) असते, ती वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते. नॅकला दाखवायचे डाउनलोडचे आकडे हेच, त्यामुळे निदान यासाठी तरी लोक ऐकतील! आणि एक प्रत महापेला, दुसरी वाशीला, याला दोन ठिकाणं म्हणू नका. दोन्ही नवी मुंबईतच. तिसरी प्रत पुणे किंवा नागपूरला हवी.

चेकर नावाचं साधन प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तपासणी-आकडा) पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहतं. ते रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीने) चालवायचं आणि त्याचा ईमेल व्यक्तीच्या नव्हे, गटाच्या पत्त्यावर पाठवायचा. बदली किंवा निवृत्ती झालेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडलेला इशारा काय कामाचा?

मराठी नोंदींचं दुखणं वेगळंच. ‘दऱ्या’ हा शब्द एका कॉलेजात नुक्त्याचा ऱ वापरून टाइप होतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण शोधताना एकाला दुसरा सापडेलच याची खात्री नाही. गटाने एक पद्धत ठरवून नियमपुस्तिकेत लिहावी. जुन्या नोंदी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) काढून, बदलून परत चढवता येतात. एका वेळी हजार नोंदींच्या आत ठेवा, आणि फाइल लिब्रेऑफिसमध्ये यूटीएफ-८ (देवनागरी नीट दाखवणारी अक्षरपद्धत) निवडून उघडा. एक्सेलमध्ये नुसतं डबलक्लिक केलंत तर देवनागरीचा चुथडा होण्याचीच शक्यता जास्त.

हे सगळं हौसेवर चालणार नाही, हे तुमचं बरोबर. पाच संस्थांचा गट असेल तर आमचा हिशोब असा. प्रत्येक संस्थेतून एक माणूस आठवड्याला अर्धा दिवस नोंदींसाठी. सर्व्हरसाठी वेगवेगळ्या संस्थांतले दोघे, कारण एक रजेवर गेला तरी पासवर्ड दुसऱ्याकडे हवा. ही नावं प्राचार्यांच्या लेखी आदेशात असावीत आणि ते तास वर्कलोडमध्ये धरावेत. वर्गणी एप्रिलमध्येच गोळा करायची आणि तिच्यातला ठरावीक वाटा अपग्रेडसाठी बाजूला ठेवायचा. आपल्या भागाला हे नवं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, ते सभासद आणि कार्यकारी मंडळाच्या जोरावरच. देशभरातल्या प्रबंधांचं भांडार असलेली शोधगंगाही डीस्पेसवर चालते, पण तिच्यामागे विद्यापीठ ग्रंथालयांसाठी काम करणारी इन्फ्लिबनेटसारखी अख्खी संस्था आहे. आपल्याकडे तेवढं बळ नाही, म्हणून तर गट करायचा.

गूगल ड्राइव्हचं म्हणाल तर शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागा २०२२ मध्ये बंद होऊन संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट झाली. नियम त्यांचा, बदलणार तेच. शिवाय फाइल एखाद्या प्राध्यापकाच्या खात्यात असेल आणि ते खातं पुढे डिलीट झालं, तर फाइलही जाते.

एजन्सीला आमचा विरोध नाही. उलट गटाने मिळून एकच एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) दिली तर भावही नीट ठरतो. फक्त करारात चार गोष्टी घाला. डोमेन आणि हँडल प्रीफिक्स संस्थेच्या नावावर. रूट (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) पासवर्डची प्रत संस्थेकडे. दर महिन्याला डंप आणि ॲसेटस्टोअर आपल्या डिस्कवर. आणि वर्षातून एकदा एजन्सीने कोऱ्या सर्व्हरवर त्या डिस्कवरून अख्खं भांडार उभं करून दाखवायचं. तुम्ही स्वतः दहा-बारा जुने प्रबंध उघडून बघायचे, दोन मराठी शीर्षकं शोधून बघायची, आणि मगच शेवटच्या हप्त्याचा चेक काढायचा.