झगमगाट कुणाचा, गल्ला कुणाचा

सावंतवाडीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. पणजीला मांडवीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं ठेवायची की हलवायची? एकाने लिहिलं, ‘आपल्याकडेही कॅसिनो येऊ देत, कलाकारांना बारमाही काम मिळेल. लास वेगास बघा.’ दुसऱ्याने वेगासला पापनगरी म्हणून एका ओळीत निकालात काढलं. मग दोघंही मला म्हणाले, ‘तू तिथे राहतोस, तूच सांग.’

मी इथे बारा वर्षं राहतोय. दुसऱ्याचा राग मला अर्धवट माहितीतून आलेला वाटतो, पण काळजी वाटते ती पहिल्याच्या आशेची.

हे शहर ज्यांनी उजळवलं ती माणसं अस्सल गुणाची होती. ‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ ही पाटी बेटी विलिस यांनी 1959 मध्ये रेखाटली आणि तिचा हक्क स्वतःकडे ठेवला नाही. शहराला माझी भेट, म्हणाल्या. म्हणून ती आज प्रत्येक कपावर, चावीच्या साखळीवर दिसते. अशा पाट्या उजळवणारी निऑन वायूची काचेची नळी वाकवणारा कारागीर मी एकदा अगदी जवळून पाहिला. सरळ काचेची नळी ज्योतीवर फिरवत तो ती मऊ होण्याची वाट बघत होता. नळीच्या टोकाला जोडलेली रबरी नळी त्याच्या तोंडात होती. काच लवली की झटकन वळण द्यायचं आणि त्याच क्षणी हलकी फुंकर मारायची, नाहीतर वळणावर नळी चेपते. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. नंतर जोरदार विजेच्या दाबाने नळीतली घाण जाळून बाहेर ओढतात आणि मग वायू भरतात. निऑनचा स्वतःचा रंग तांबडा-नारिंगी. निळ्यासाठी आरगॉन आणि पाऱ्याची वाफ लागते. आमच्या कुडाळच्या मूर्तिकाराचा हात मातीवर फिरायचा, तसाच त्या माणसाचा हात काचेवर फिरत होता.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने जुगार कायदेशीर केला 1931 मध्ये. पुढे वाळवंटातल्या रस्त्यावरची गाडी आपल्याच दारात थांबावी म्हणून हॉटेलांची पाट्यांवरून चढाओढ लागली. स्टारडस्ट हे हॉटेल 1958 मध्ये उघडलं तेव्हा दर्शनी भिंतीवर ग्रह-तारे चमकत होते आणि आत पॅरिसहून आणलेला ‘लिडो’चा नाचगाण्याचा शो होता. रंगमंचासमोर जिवंत वाद्यवृंद. असे वाद्यवृंद तेव्हा मोठ्या हॉटेलांत रोजच्या रोज वाजायचे, वादकांची घरं त्यावर चालायची.

मग 1989 मध्ये काही हॉटेलांनी वादकांच्या जागी ध्वनिमुद्रित संगीत आणायचं ठरवलं. वादक संपावर गेले, कित्येक महिने लढले आणि हरले. ‘लिडो’ 1991 मध्ये बंद पडला. पिसांच्या मुकुटातल्या नर्तकींचा शेवटचा मोठा शो, ‘ज्युबिली’, 2016 मध्ये संपला. स्टारडस्टची इमारत 2007 मध्ये सुरुंग लावून पाडली. तिच्या पाटीची अक्षरं आज जुन्या पाट्या जपणाऱ्या निऑन म्युझियमच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली आहेत. जुगाराची यंत्रं मात्र या कशानेही थांबली नाहीत. पाटी असो, नर्तकी असो, वादक असो, गिऱ्हाईक दाराच्या आत आणायला उपयोगी होते तोवरच त्यांना मान होता. पैसा आत, बिनखिडकीच्या दालनात मिळत होता.

आमच्या ग्रुपला मी हेच लिहिलं. आमच्या दशावतारी नाटकांची आठवण करून दिली. जत्रेच्या रात्री पखवाज आणि पेटीच्या साथीवर राजा असो की संकासुर, नट ऐनवेळी संवाद रचतात, वादक त्यांच्या तोंडाकडे बघत हात उचलतो. उद्या कॅसिनोवाल्याने त्या मंडळींना रोजचं काम दिलं, तर पखवाजाच्या जागी रेकॉर्ड लावायला त्याला किती दिवस लागतील? ज्या कलेचा मालक प्रेक्षक असतो तिला प्रेक्षक सांभाळतो. जिचा मालक जुगाराचा गल्ला, तिला कोण सांभाळणार?

कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा कायदा महाराष्ट्राने कधी अमलातच आणला नव्हता, तो 2023 मध्ये रद्द झाला. मला ते योग्य वाटलं. गोव्याने 2020 पासून गोवेकरांनाच कॅसिनोतल्या खेळाला मज्जाव केला. आपल्या माणसांचं काय होतं हे सरकारलाही कळतं, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

इथे तसा मज्जाव नाही. नेवाडात किराणा दुकानातही 15 पर्यंत यंत्रं ठेवता येतात. मी सकाळी दूध आणायला जातो त्या दुकानात दरवाजाजवळ ती रांगेने आहेत. रात्रपाळी संपवून आलेली एक बाई, हॉटेलातल्या सफाईचा गणवेश अंगावर, पोरासाठी घेतलेली ब्रेडची पिशवी मांडीवर ठेवून खेळत असते. तिच्या डोक्यावर निऑन नसतं. साधी पांढरी ट्यूबलाइट असते.