दुखत नाही म्हणून दाताचा खुंट तसाच ठेवायचा?

दाढ तुटून मूळ हिरडीत राहिलं तर घाबरू नका, असा सल्ला देणारा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुखत नसेल तर खुंटाला हात लावू नका, शरीर तो आपोआप विरघळवतं किंवा बाहेर ढकलतं, डॉक्टरसुद्धा मुळं आत सोडतात, सूज आलीच तर अँटिबायोटिकच्या गोळ्या पुरतात, आणि वरची दाढ काढली तर नजर अधू होते. यातला एकच मुद्दा अर्धा खरा आहे, आणि खरा घोळ तोच करतो.

आधी ‘दुखत नाही’चं पाहू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. कीड लागून दाढ ढासळते तोवर जंतू बहुधा आतल्या नसेपर्यंत पोचलेले असतात. नस सुजली की रात्र रात्र झोप लागत नाही. मग एक दिवस ठणका थांबतो आणि बरं वाटलं असं आपण समजतो. प्रत्यक्षात नस मेलेली असते. त्या पोकळीत आता रक्त जात नाही, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशीही जात नाहीत. जंतूंना रान मोकळं. मुळाच्या टोकातून संसर्ग हाडात पाझरतो, टोकाभोवतीचं हाड झिजतं, तिथे सुजेची मऊ गाठ धरते आणि काहींच्या बाबतीत तिची द्रव भरलेली पिशवी, म्हणजे सिस्ट होते. जबड्यातल्या सिस्टमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो. अशी सिस्ट वर्षानुवर्षं हूं की चूं न करता वाढू शकते. हिरडीवर अधूनमधून येऊन फुटणारी पुळीही याचीच खूण. पू तिथून निघून जातो, दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. एवढंच.

विरघळण्याची गोष्ट दुधाच्या दातांवरून उचललेली दिसते. खालून पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ झिजतं, हे खरं. पक्क्या दाताच्या मुळाला असं काही ठरलेलं वेळापत्रक नसतं. कवळी वापरणाऱ्यांमध्ये हाड झिजत गेल्यावर जुना खुंट कधी कधी वर डोकावतो, पण त्याला बरं होणं म्हणत नाहीत. कवळी टोचू लागते आणि तिथे जखम होते.

आता अर्धा खरा मुद्दा. हो, दंतवैद्य काही मुळं मुद्दाम ठेवतात. दाढ काढताना टोकाचा तुकडा मोडला, तो साधारण 4–5 मिलिमीटरपेक्षा लहान आहे, हाडात खोल आहे, त्याला संसर्ग नाही, आणि तो उकरताना खालच्या ओठाची संवेदना नेणाऱ्या नसेला इजा होण्याची भीती आहे, तर तो सोडणं शहाणपणाचं ठरतं. नसेला चिकटलेल्या निरोगी अक्कलदाढेचाही कधी फक्त वरचा भाग कापतात. जबड्याला रेडिएशन दिलेल्या रुग्णात दात काढल्याची जखम भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून तिथे रूट कॅनॉल करून मूळ राखलं जातं. मार लागून हाडाच्या आतच मूळ मोडलं असेल, तर तुकडे जागेवर बसवून आणि शेजारच्या दातांना बांधून अनेकदा दात वाचतो. साधारण 4 आठवडे ही बांधणी ठेवतात. मात्र त्यासाठी लगेच जावं लागतं. या सगळ्यांत एक्स-रे असतो, रुग्णाला कल्पना दिलेली असते, पुन्हा तपासणी ठरलेली असते. किडून काळा पडलेला, जीभ लावली की टोचणारा खुंट यातल्या कुठल्या प्रकारात बसतो? कुठल्याच नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्तच नाही. सूज उतरते, उगम तसाच राहतो, काही महिन्यांनी पुन्हा गाल फुगतो. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खालपर्यंत गेलेली असतात, त्यामुळे तिथला पू हनुवटीखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये वर्णन केलेला, श्वास कोंडणारा आजार बहुतेक वेळा याच दाढांपासून सुरू होतो. तोंड उघडेना, गिळता येईना, जबड्याखाली टणक सूज आणि ताप असेल तर गोळ्या घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावं. मधुमेह आटोक्यात नसेल तर संसर्ग आणखी वेगाने पसरतो. हृदयाची झडप बदललेल्यांनी तर असा खुंट तोंडात ठेवूच नये आणि दात काढण्यापूर्वी झडपेबद्दल आवर्जून सांगावं.

राहिली नजर. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. वरची दाढ काढल्याने डोळा अधू होत नाही. उलट सडलेल्या वरच्या दाताचा संसर्ग, क्वचित का होईना, डोळ्यामागपर्यंत पोचल्याच्या नोंदी आहेत. त्याहून बराच सामान्य त्रास सायनसचा, म्हणजे गालाच्या हाडातल्या, नाकाला जोडलेल्या पोकळीचा. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, कधी तर मध्ये हाडाचा पापुद्राच उरतो. अशा खुंटामुळे एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत राहतो आणि माणूस महिनोन्‌महिने सर्दीची औषधं घेत बसतो, कारण दाताचा एक्स-रे कुणी काढलेलाच नसतो.