आजी होती की, मग विद्यापीठ कशाला?

नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मजकूर वर्षातून दोन-तीनदा फिरून येतो. आशय असा: पूर्वी घरोघरी आठ-आठ मुलं वाढली, कुणाच्या आईने त्यासाठी पदवी घेतली नव्हती. मूल वाढवणं आजीकडून शिकायचं असतं. 'मानव विकास आणि कुटुंब अभ्यास' ही पदवी म्हणजे लग्न ठरेपर्यंत मुलींचा वेळ जायची सोय. आणि तसंही पहिल्या सहा वर्षांत मूल घडून जातं, पुढे अभ्यास कसला करायचा? मी हाच विषय शिकले आहे, म्हणून एकेक विधान तपासते.

'आठ-आठ मुलं वाढली.' वाढली तीच आपण मोजतो. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडे जन्मलेल्या 4 मुलांपैकी साधारण 1 मूल पाच वर्षांचं होण्याआधीच जात असे. माझ्या आजीची बाळंतपणं नऊ, हाताशी आली पाच. उरलेल्या चौघांच्या जन्माच्या तिथी तिला शेवटपर्यंत पाठ होत्या. पुढे मुलं जगू लागली ती लसींमुळे, स्वच्छ पाण्यामुळे, दवाखान्यांमुळे. ते श्रेय मी माझ्या विषयाला देणार नाही. पण तेव्हा सगळं आपसूक होत होतं, हे खरं नाही.

'आजीचा अनुभव पुरेसा आहे.' आजीला कमी लेखायची माझी हिंमत नाही, कारण आमच्याच क्षेत्रातले मोठे लोक तिच्यापुढे चुकलेले आहेत. 1928 मध्ये जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पालकांना सांगितलं, की मुलांना कुशीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी फार तर हात मिळवा. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. आणि ती बरोबर ठरली असती. 1940 च्या दशकात रेने स्पिट्झ यांनी दोन ठिकाणच्या बाळांची तुलना केली. एक होतं स्वच्छ, नीटनेटकं अनाथालय, जिथे एकेका दाईकडे अनेक बाळं होती. दुसरं तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया आपापली बाळं स्वतः सांभाळत. तुरुंगातलं एकही बाळ दगावलं नाही. अनाथालयातली एक तृतीयांशाहून जास्त गेली. पुढे मेरी एन्सवर्थ यांनी 1950 च्या दशकात युगांडातल्या 26 घरांत जाऊन आया आणि तान्ही बाळं यांच्यातलं नातं महिनोन् महिने पाहिलं. माया ही लाडाची बाब नसून गरज आहे, हे अशा कामातून पक्कं झालं.

आता उलट बाजू. हीच आजी बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक पिळून टाकायला लावायची आणि बाळाला मध चाटवायची. चीकात रोगांशी लढणारी द्रव्यं असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. म्हणजे कुशीच्या बाबतीत आजी बरोबर, चीकाच्या बाबतीत चूक. कुठलं काय, हे ना आजीच्या शब्दावर ठरतं ना वॉटसनच्या. बघून, मोजून, पुन्हा बघून ठरतं.

मोजायचं तर कशाशी? परदेशातल्या बाळांच्या तक्त्याशी आपली बाळं ताडली तर चूक होणारच. म्हणून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाळंच तपासली. आवाजाकडे मान कधी वळते, आधाराशिवाय बसणं कधी जमतं, ठोकळ्यावर ठोकळा कधी चढतो. त्यातून भारतीय अर्भकांसाठीची विकासमापन श्रेणी तयार झाली: अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शारीरिक हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 बाबी. कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ मागे पडतंय का, हे आपल्याकडचे बालविकासतज्ज्ञ आजही हिच्यावर पाहतात. ज्या विषयाला लग्नापूर्वीची करमणूक म्हणतात, त्याच्याच एका विभागात हे काम झालं. मला याचा फार अभिमान आहे.

'सहा वर्षांत मूल घडून जातं.' यात अर्धं खरं आहे. जमैकात 1980 च्या दशकात खुरटलेल्या 129 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्याला एक तास, स्थानिक आरोग्यसेविका जायची आणि घरच्याच वस्तूंची खेळणी करून बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं हे आईला दाखवायची. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली, तेव्हा त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. नुसत्या पोषक आहाराने तो फरक पडला नव्हता.

पण 'घडून जातं' म्हणजे पुढचं दार बंद, असं मात्र दिसत नाही. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 बाळांवर एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत लक्ष ठेवलं. गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं असं सगळं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं भक्कम, कर्ती माणसं झाली. बहुतेकांच्या पाठीशी भरवशाचं एक तरी माणूस होतं: कधी मावशी, कधी आजोबा, कधी शिक्षक. त्याहून मोलाची गोष्ट पुढची. सोळा-सतराव्या वर्षी भरकटलेली कित्येक मुलंही तिशी-चाळिशीत सावरलेली दिसली, नोकरीने, शिक्षणाने, चांगल्या जोडीदाराने. सहाव्या वर्षी वही मिटली असती तर हे कधी कळलंच नसतं. म्हणूनच आमच्या अभ्यासक्रमात किशोरवय, लग्न, निवृत्ती, म्हातारपण सगळं येतं.

'मुलींची पदवी' याला उत्तर थोडक्यात. बालविकास प्रकल्प अधिकारी, अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, मतिमंद आणि स्वमग्न मुलांसोबत काम करणारे शिक्षक, कुटुंब समुपदेशक ही या पदवीची नेहमीची कामं आहेत. मुलगे इकडे फारसे येत नाहीत हे मात्र खरं, आणि वडिलांवर संशोधन उशिरा सुरू झालं याचं ते एक कारण असावं, असं मला वाटतं.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघावं. त्यात कितव्या महिन्यात बाळ काय करू लागतं याची चित्रं आहेत. त्यातलं काही वेळेत दिसलं नाही तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नका. अंगणवाडीताईंना किंवा डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. सोबत आजीलाही न्या. बाळ दिवसभर काय काय करतं, ते बहुतेक घरांत तीच सगळ्यात नीट सांगू शकते.