ॲपवाल्यांपुरतीच माहिती नको

बेळगावच्या सांबरा विमानतळावर नव्या टर्मिनलचं काम चालू असताना होणारे बदल प्रवाशांना वेबसाइट आणि सोशल मीडियावरून वेळोवेळी कळवले जातील, असं या कामावरच्या एका लेखात वाचलं. १० मार्च २०२४ ला पायाभरणी झालेल्या या कामाला माझा विरोध नाही, जागा हवीच होती. पण कळवणार कुणाला? इथून उडणारे फक्त बेळगावचे नसतात. खानापूर, निपाणीचे येतात, पार चंदगड-गडहिंग्लजकडचेही येतात. त्यातले कितीतरी म्हातारे आई-वडील पुण्या-मुंबईतल्या पोरांनी काढलेल्या तिकिटावर निघतात. मेसेज जातो पोराच्या मोबाईलवर आणि आत जायचं गेट बदललंय हे बाबांना कळतं बॅगा उतरवल्यावर!

विमानाची वेळ बदलली तर कळवायचं काम विमान कंपनीचं. फ्लाइट रद्द करायची असेल तर किमान दोन आठवडे आधी सांगावं, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियमच आहे. पण गाडी कुठं थांबवायची, आत कुठून शिरायचं, व्हीलचेअर कुठं मिळेल, हे कंपनी सांगत नाही. ते विमानतळानंच सांगायला हवं, तेही लोक रस्त्यात असतानाच. विमानतळाच्या वाटेवरच्या मुतगे गावाच्या अलीकडं मोठा फलक लावा, कन्नड-इंग्रजीच्या जोडीला मराठीतही, आणि खाली तारीख टाका. जुना फलक तसाच राहिला तर फलक नसलेला बरा. रिक्षा-टॅक्सीवाल्यांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा, आमच्याकडं निम्मे लोक त्यांनाच विचारतात.