‘चेहरा काळाच ठेवला’ या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे. तुमचं म्हणणं असं की मुलीचा चेहरा पाहिजे तसा उजळला नाही, सूर्याजवळचं आकाश पांढरंफटक राहिलं, मोठ्या प्रिंटमध्ये दाणे दिसतात, आणि भाच्याने हेच काम मोबाईलवर मिनिटात फुकट करून दाखवलं, मग आम्ही साडेतीनशे रुपये कशाचे घेतले? कॉलेज रोडपासून पंचवटीपर्यंतची गिऱ्हाइकं हे वाचतात आणि असले फोटो त्यांच्याकडेही असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला काढलेला, मावळतीच्या वेळी. पोरगी मक्याचं कणीस खाण्यात दंग, फोनकडे लक्षच नाही, आणि सूर्य बरोबर डोक्यामागे. फ्रेमचा बहुतेक भाग झगझगीत आकाश आणि चमकणारं पाणी असला की फोन उजेड आवरता घेतो. आकाश सांभाळण्याच्या नादात समोरचं माणूस सावलीत जातं. इथे तर दोन्हीकडून गेलं. जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. तुमच्या फाइलमध्ये सूर्याभोवतीचा भाग थेट २५५ ला टेकलाय, म्हणजे तिथे रंगच उरलेला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या जागी दुसऱ्या फोटोतले ढग आणून चिकटवता येतात. पण तुमच्या धरणावर कुठल्यातरी परक्या आकाशातले ढग आम्ही न विचारता लावत नाही.

चेहऱ्याचं तसं नाही. तिथे रंग आहे, पण तळाच्या थोड्याशा पायऱ्यांत कोंबलेला. तो वर खेचला की त्याच्यासोबत दाणेही वर येतात, म्हणून एका मर्यादेपर्यंतच खेचायचा. चेहरा, मान आणि कणीस धरलेले दोन्ही हात वेगळे मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, उजळले. केसांच्या कडेला मास्क मुद्दाम मऊ ठेवला, कारण मागच्या उन्हाने बटांना जी सोनेरी किनार आलीय तीच तर या फोटोची मजा आहे. डावा कान झूम करून बघा, पाळीतून ऊन आरपार आलंय आणि ती लालसर दिसतेय. समोरून उजेड असता तर हे मिळालं नसतं. शिवाय सूर्याकडे पाठ असलेल्या चेहऱ्यावर मोकळ्या आकाशाची निळसर झाक येते. नुसता ब्राइटनेस वाढवला तर पोर आजारी दिसते. ती झाक काढून रंग थोडा उबदार केला. वेळ जातो तो या कामात.

आता भाच्याने केलेला फोटो. रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलाय म्हणूनच बोलतो. पोरगा हुशार आहे, एवढ्याशा वेळात चेहरा दिसायला लागला हे खरं. पण ॲपने सगळा फोटो एकाच हाताने वर ओढलाय. आकाश राखाडी पडलं, डोक्याभोवती पांढरट वलय आलं, कान गालाच्या रंगाचा झाला. हनुवटीला चिकटलेला कणसाचा केस गेला. आणि गालावरची तीट? ॲपला तो डाग वाटला, पुसून टाकली! आमच्या प्रिंटमध्ये ती जागेवर आहे. आजी प्रिंट घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी आधी तीच बघितली होती.

एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये नाही, पण बोलणं झालं होतं. काउंटरवर ‘थोडी गोरी पण करा’ असं तुमच्याकडून सांगण्यात आलं, आणि तेव्हाच आम्ही नाही म्हटलं होतं. चेहऱ्यावरची सावली काढू, पोरगी झाडाखाली बसल्यावर जशी दिसते तशी दिसेल इथपर्यंत आणू. त्यापुढे कातडीचा रंग बदलायचं काम आमच्याकडे होत नाही. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा टाळतो, नवरीकडचे रागावले तरी. एवढ्याशा लेकराच्या बाबतीत तर प्रश्नच नाही.

दाण्यांबद्दल. तुमची फाइल व्हॉट्सॲपवरून लहान होऊन आली होती, लांब बाजू १६०० पिक्सेल. ८ बाय १२ च्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० लागतात, तुमच्या फाइलमध्ये इंचाला १३३ च बसतात. फोटो फाटणारच, म्हणजे दाणेदार दिसणारच. म्हणून ४ बाय ६ घ्या असं सुचवलं होतं, त्या मापात हीच फाइल चांगली निघते. भिंतीवर मोठी फ्रेम हवी म्हणून तुम्ही ८ बाय १२ चा आग्रह धरलात, आणि दाणे दिसतील हे आम्ही पावतीवर लिहून दिलं.

पैशांचं म्हणाल तर साडेतीनशेमध्ये एडिटिंग, मॅट पेपरवरची प्रिंट आणि लॅमिनेशन आलं. दर काउंटरवरच लावलेला आहे.

कुणी असंही विचारेल की मुळातच नीट कसा काढायचा. फोनच्या स्क्रीनवर मुलीच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं, म्हणजे फोन चेहऱ्याप्रमाणे उजेड घेतो. आकाश आणखी जळेल, पण असा फोटो आपण आकाशासाठी काढत नाही. घरातलं कुणी पांढरा कुर्ता घालून तिच्यासमोर बसलं तरी बराच उजेड चेहऱ्यावर परततो. फ्लॅशही चालतो, फक्त पोर लगेच कॅमेऱ्याकडे बघतं आणि मग तो मूड गेला.

आमची एडिट केलेली प्रत इथे शेजारी लावून दाखवता आली असती. पण लेकराचा फोटो तुम्हाला न विचारता आम्ही कुठेही टाकणार नाही. तुम्हीही भाच्याची प्रत रिव्ह्यूमधून काढलीत तर बरं, अनोळखी लोक बघतात.

ज्या फोनवर फोटो काढला त्यातून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा फोनच घेऊन या, आम्ही केबलने काढून घेऊ. त्यात पिक्सेल पुरेसे असतील तर एडिटिंगचे पैसे पुन्हा घेणार नाही, फक्त नव्या प्रिंटचे द्यायचे. आणि येताना आजींनाही आणा, फ्रेम त्यांनाच निवडायची होती.