भाजल्याने शिळ्या बंगड्यातले विष जात नाही

गेला महिनाभर बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘घरच्या घरी अख्खा मासा भाजण्याची सात गुपिते’ या मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. तो कोणी लिहिला याचा पत्ता नाही. ‘जुन्या जाणत्या बायकांचे ज्ञान’ एवढेच शेवटी लिहिलेले आहे. असले संदेश मी एरवी पुसून मोकळी होते. हा मात्र सोडून देता येत नाही, कारण दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याने तो खरा मानला आणि तिच्याकडे जेवायला गेलेल्या माझ्या भावाला त्याच रात्री दवाखान्यात न्यावे लागले.

त्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आणलेले बंगडे आत्याने मीठ, हळद आणि लिंबू चोळून ओट्यावरच ताटाखाली झाकून ठेवले होते, आणि ते जाळीवर चढले रात्री साडेआठला. मी फ्रीजचे नाव काढले तेव्हा ती म्हणाली, “अगं, एकदा भाजल्यावर काय राहतंय त्यात? वाच की तो मेसेज.” भावाने पहिला घास घेताच जिभेला मिरी लागल्यासारखे चुणचुणते आहे असे सांगितले, आणि तिखट जास्त पडले असेल असे समजून आम्ही ते सोडून दिले. अर्ध्या तासात त्याचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कोणता मासा खाल्ला आणि तो किती वेळ बाहेर होता, हा. औषधाने सकाळपर्यंत त्याला आराम पडला.

आता त्या संदेशातले पहिले गुपित पाहा: ‘माशात जे काही दूषित असते ते आगीत जळून जाते, म्हणून थोडा वास येणारा मासासुद्धा अख्खा भाजून निर्धास्त खावा.’ नीट भाजल्यावर जिवाणू मरतात, इतके यात खरे आहे. पण भावाला जो त्रास झाला तो जिवंत जिवाणूंमुळे होत नाही, त्यांनी आधीच तयार करून ठेवलेल्या पदार्थामुळे होतो. बंगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उबेत राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात, आणि हे हिस्टामिन एकदा तयार झाले की ते भाजून जात नाही, तळून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची याच विषयावर जुलै २०१२ मध्ये रोमला बैठक झाली होती. निरोगी माणसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिनने त्रास होत नाही आणि माणूस एका जेवणात साधारण २५० ग्रॅम मासा खातो, असे धरून त्यांनी किलोमागे २०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. मासळी पकडल्यापासून गार ठेवणे हाच यावरचा उपाय आहे, असे मासळीच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या साऱ्याच संस्था सांगतात.

वासावर भरवसा ठेवणेही तितकेच चुकीचे आहे. हिस्टामिन वाढलेल्या माशाला वास येतोच असे नाही. आत्याच्या बंगड्यांनाही येत नव्हता. शिवाय ते प्रत्येक माशात, इतकेच काय एकाच माशाच्या वेगवेगळ्या भागांत, कमीजास्त असते, म्हणून त्याच जाळीवरचा दुसरा बंगडा खाल्लेल्या आत्याला काहीही झाले नाही. ‘मग माझ्याच माशाला काय झालं होतं?’ या तिच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. ज्या समुद्रकाठच्या बायकांचे नाव हा संदेश घेतो, त्यांच्या दारात मासा होडीतून उतरून काही तासांत येत असे. बडोद्याला समुद्र नाही. वेरावळसारख्या बंदरांतला मासा बर्फातून लांबचा प्रवास करून इथे पोहोचतो, आणि उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. घरी आणलेल्या बंगड्याला ओट्यावर घालवायला इथे वेळच शिल्लक नसतो. आणल्याबरोबर कल्ले आणि पोट काढून, धुऊन तो फ्रीजमध्ये गेला पाहिजे, मसाला लावल्यावरही तिथेच राहिला पाहिजे, आणि त्याच दिवशी संपला पाहिजे. पोट साफ केल्याने ‘सत्त्व जाते’ हे संदेशातले तिसरे गुपितही यातच निकाली निघते, कारण सर्वांत आधी नासते ते पोटच.

दुसरे गुपित लिंबाचे: ‘लिंबात मुरलेला मासा आतून शिजलेलाच असतो, आच फक्त रंगापुरती.’ लिंबाच्या आम्लाने मांसातली प्रथिने बदलतात आणि ते पांढरे दिसू लागते, हे मला मान्य करावे लागेल. पण आम्लाने परजीवी कृमी मरत नाहीत आणि सगळे जिवाणूही मरत नाहीत. माशाचा गाभा ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. तापमापक नसेल तर डोक्यामागे जाड भागात सुरीचे टोक घालून काट्यापर्यंत उघडून पाहावे. मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटले तर मासा झाला. काट्यालगत गुलाबी आणि चिकट राहिले तर तो जाळीवर परत ठेवावा. अख्ख्या माशाला दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तीन-चार चिरा द्यायच्या त्या याच कारणासाठी, नुसता मसाला मुरावा म्हणून नव्हे.

पाचवे गुपित वाचून मला खरोखर भीती वाटली. धुराचा वास मुरावा म्हणून फ्लॅटमध्ये दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवावी, असे त्यात लिहिले आहे. धगधगत्या कोळशातून धूर दिसत नसतानाही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात. कोळसा गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावा. घरात भाजायचे तर गॅसवरची जाळी, बिडाचा तवा किंवा ओव्हनचा ग्रिल आहे.

भाजलेल्या माशावर दूध प्यायल्याने कोड उठते, या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. आयुर्वेदाने मासे आणि दूध यांना विरुद्ध आहार म्हटले आहे हे खरे, पण कोड हा त्वचेतल्या रंगपेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे आणि बंगाली घरांत दह्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. करपलेली साल खाऊ नये, हे मात्र त्या संदेशात बरोबर आहे; फार आचेवर मांस करपले आणि चरबी कोळशावर ठिबकली की काही घातक संयुगे तयार होतात, म्हणून काळा भाग खरवडून टाकावा. अख्खा मासा तुकड्यांपेक्षा रसाळ राहतो, हेही खरेच आहे.

आत्याने तो संदेश आणखी चार घरांत पाठवला होता. त्या चौघींना तिने स्वतः फोन केले, आणि परवाच्या रविवारी मला सकाळीच विचारले, “मासे आलेत गं, फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवू की खालच्या?” झाकणाच्या डब्यात घालून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही, असे मी तिला सांगितले.