नवीन बिल्डर होताय? मग हे सल्ले फुकट घ्या

परवा आमच्या बेडरूमच्या ओल आलेल्या भिंतीची 'तपासणी' करायला बिल्डरचा माणूस आला. ताबा मिळून पाच वर्षं झालेली नाहीत, आणि रेरा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे मेलवर मेल, फोनवर फोन, सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, आणि मग दोन पावसाळे उलटल्यावर हे आले. सोबत दोन पोरं. परांची आधीच बांधलेली होती. पोरं चढायला लागली तसं साहेबांनी खालून ओरडून थांबवलं, "अरे फोटो राहिला!" हेल्मेट एकच होतं. ते एकाच्या डोक्यावर, फोटो. काढलं, दुसऱ्याच्या डोक्यावर, फोटो. मग हेल्मेट गाडीच्या मागच्या सीटवर आणि पोरं उघड्या डोक्याने चौथ्या मजल्यावर. वर मलाच ऐकवलं, "काय करणार सर, स्किल्ड लेबर मिळतच नाही हल्ली."

तेव्हापासून मी ठरवलंय की या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मार्गदर्शनाची फार गरज आहे. तर घ्या.

हेल्मेट एकच घ्या. पिवळं घ्या, फोटोत उठून दिसतं. आयएसआय मार्क वगैरे बघत बसू नका, कॅमेऱ्यात तो दिसत नाही. सेफ्टी बेल्टही एखादा ठेवा, फक्त त्याचा हुक कशाला तरी पक्का अडकवायचा असतो हे कुणाला सांगू नका. कुणी फारच मागे लागला तर परांचीच्याच बांबूला अडकवायला सांगा, म्हणजे परांची कोसळली तर माणूस निदान एकटा पडणार नाही.

गेटवर 'सेफ्टी फर्स्ट'चा बोर्ड मोठा लावा. तेवढं पुरतं.

स्लॅबचे जॅक, म्हणजे खालचे टेकू, कधी काढायचे? आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, म्हणतं की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे 7 दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवसांनी. पण तुम्हाला पुढच्या स्लॅबसाठी साच्याच्या त्याच प्लेटा हव्यात ना? मग काढा.

आता कायद्याची भीती. अजिबात बाळगू नका. बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा होता, त्यात पिण्याच्या पाण्याची जागा मुतारी-संडासापासून सहा मीटर लांब हवी, कामगारांना राहायला फुकट जागा हवी, पन्नासच्या वर बायका कामाला असतील तर पोरांसाठी पाळणाघर हवं, असलं काय काय लिहिलेलं होतं. लोकांनी त्यावर सोपा उपाय काढला, रजिस्टरवर बायका पन्नासच. बाकीच्या नवऱ्यासोबत 'अशाच' आलेल्या. पोरं काय, वाळूच्या ढिगावर वाढतात, आणि झोळीला बांधायला सळया असतातच. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा नव्या श्रम संहितेत गेला, तिथे इन्स्पेक्टरलाही नुसतं इन्स्पेक्टर म्हणायचं नाही, इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर म्हणायचं. घाबरायचं कशाला, तो तर तुमची सोय बघायला येणार आहे. आला तर.

सेसचंही तसंच. कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या 1 ते 2 टक्के सेस भरायचा असतो, आणि आता हा हिशोब तुम्ही स्वतःच करायचा. गिऱ्हाईकाला रेट सांगताना बांधकामाचा खर्च गगनाला भिडलेला असतो, सेसच्या फॉर्मवर तोच खर्च किती आटोपशीर होतो ते बघा. आणि भरलात तरी मनाला लावून घेऊ नका, तो पैसा कामगारापर्यंत पोचतोच असं कुठाय? सुप्रीम कोर्टानेच 2018 च्या निकालात नोंदवलंय की देशभरात 37,400 कोटींच्या वर सेस गोळा झाला आणि त्यातले खर्च झाले साधारण 9,500 कोटी, तेही म्हणे कामगारांसाठी. कशावर? तर त्याच केसमध्ये लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनं निघाली. ज्याच्या पत्र्याच्या खोलीत नळ नाही त्याला वॉशिंग मशीन. विनोद करायला आम्हाला काही शिल्लकच ठेवत नाहीत.

धुळीबद्दल कुणी बोललं तर तोंडाला फडकं बांधायला सांगा. टाईल, ग्रॅनाईट, काँक्रीट कोरडंच कापा, कटरला पाण्याची नळी जोडायची म्हणजे चिखल होतो, साफ कोण करणार? त्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही, पण तो दिसायला वर्षं लागतात हो, तोपर्यंत तुमच्या प्रोजेक्टचं पझेशन होऊन गेलेलं असतं.

अपघात झालाच तर एक वाक्य पाठ ठेवा, "तो कालच कामावर आला होता." रजिस्टरवर नावच नसलं की अपघात नक्की कुणाला झाला?

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, स्किल्ड लेबर. शिकवू नका. कुणालाही काहीही शिकवू नका. अप्रेंटिसशिपचा कायदा 1961 पासून आहे, 30 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर, आणि त्यात कंत्राटीही धरायची, अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, स्टायपेंड द्यावा लागतो. पण तुमच्याकडे माणसं आहेतच कुठे? तुम्ही काम दिलं मेन कंत्राटदाराला, त्याने दिलं लेबर कंत्राटदाराला, त्याने मुकादमाला, मुकादमाने गावाकडून वीस पोरं आणली. म्हणजे शंभर माणसं साईटवर राबतायत आणि कागदावर तुमचा एक अकाउंटंट, एक इंजिनियर आणि एक वॉचमन. आयटीआयमध्ये मेसनचा, म्हणजे गवंड्याचा, एक वर्षाचा कोर्स आहे हे तुमच्यातल्या किती जणांना माहितीय? तिथून पास झालेल्या पोराला तुम्ही कधी दारात तरी उभं केलंय का? नाही, कारण तो जास्त हजेरी, म्हणजे रोजचा पगार, मागेल, आणि मुकादमाचा पोरगा कमी हजेरीत तेच काम करतो. तेच म्हणजे काय, तो घमेली वाहतो. दोन-तीन वर्षं नुसती घमेली वाहतो, माल कालवतो, मिस्त्रीला विटा देतो, आणि एक दिवस मिस्त्री गावाला जातो तेव्हा मुकादम त्याच्या हातात थापी देतो आणि म्हणतो जा, मार प्लास्टर. झाला गवंडी! तो शिकतो कुणाच्या भिंतीवर? माझ्या. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की विटा भिजवून लावायच्या, नाहीतर मालातलं पाणी वीटच पिऊन टाकते. कॉलम आणि विटांचं काम जिथे मिळतं तिथे प्लास्टरच्या आधी जाळी मारायची, नाहीतर बरोब्बर तिथूनच चीर जाते, आणि माझी चीर तिथेच आहे, बोट ठेवून दाखवतो. खिडकीवरच्या सज्जाच्या खालच्या कडेला एक बारीक खाच ठेवायची, म्हणजे पाणी तिथे तुटून खाली पडतं, भिंतीकडे पळत नाही. अर्ध्या इंचाची खाच! ती ठेवायला वेगळा खर्च नाही, ती का ठेवायची हे कुणीतरी एकदा सांगावं लागतं. प्लास्टरवर पाणी मारायचं, रविवारीसुद्धा मारायचं. हे सगळं त्या पोराला कळत नाही असं नाही, त्याला कुणी सांगतच नाही, कारण शिकवायला मिस्त्रीला वेळ नाही, मिस्त्रीला स्क्वेअर फुटावर पैसे, जितकं थापेल तितकं मिळेल, तो कशाला थांबून सांगेल? आणि मग तुम्ही एसी ऑफिसात बसून म्हणायचं स्किल्ड लेबर मिळत नाही. मिळणार कुठून, झाडाला लागतं का? साठ वर्षांपासून कायदा आहे, तुम्ही एक माणूस तयार केला नाहीत. आमच्याकडे पूर्वी यायचे ते गवंडीकाका, हातात ओळंबा धरला की भिंत सरळ येणारच, त्यांचा मुलगा आता डिलिव्हरी करतो. बरोबरच आहे त्याचं. तिथे निदान हेल्मेट रोज घालायला मिळतं.

बास. उपरोध वगैरे संपला, आता सरळ बोलतो.

चौथ्या मजल्यावर माणूस चढवताना त्याचा हुक कुठे अडकलाय हे बघणं तुमचं काम आहे, मुकादमाचं नाही. बेल्ट, त्याचा हुक अडकवायची लाइफलाइन, पडणाऱ्याला झेलणारी जाळी हा कामाचा खर्च आहे, उपकार नाही, आणि लॉबीतल्या इटालियन मार्बलला ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांनी यासाठी रडू नये. सरकारी साहेबांनो, तुमच्या ऑनलाइन सिस्टमने तपासणीसाठी साईट निवडली की तिथे जा तरी, आणि वरपर्यंत जिना चढा, खाली ऑफिसात चहा पिऊन परत फिरू नका.

आणि फ्लॅट घेणाऱ्यांनो, तुम्हीही. सॅम्पल फ्लॅटमध्ये नळ फिरवून बघता, टाईल वाजवून बघता, पार्किंग मोजता. साईटवर कामगारांसाठी संडास कुठाय हे एकाने तरी विचारलं का? भिंत कुणी बांधली आणि त्याला शिकवलं कुणी, हा प्रश्न ओल आल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि ते 90 दिवसांचं सर्टिफिकेट. मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलं असं कुणीतरी लिहून दिल्याशिवाय कामगाराची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होत नाही, नोंदणी नाही तर पोरांची स्कॉलरशिप नाही, दवाखान्याची मदत नाही, मेला तर बायकोला काही नाही. तुम्ही सही करत नाही कारण सही केली की तो तुमच्याकडे होता हे सिद्ध होतं. म्हणून एजंटाला पैसे देऊन, ज्याने जन्मात थापी धरली नाही तो मंडळाचा भांड्यांचा संच घेऊन जातो, आणि ज्याने तुमच्या सात मजल्यांचं प्लास्टर केलं तो नाक्यावर हातात कागद घेऊन उभा असतो. त्या सहीला पैसे पडत नाहीत. पेन खिशात आहे ना? काढा आणि करा सही.